दर्शनी तुकडा

वकीलसाहेबांना टाळ्या आवडतात ही काही लपून राहिलेली गोष्ट नव्हती. लहानपणी ते हौदाच्या कठड्यावर उभे राहून रोपांपुढे भाषण ठोकायचे, आणि रोपं मेली टाळ्या वाजवत नाहीत म्हणून थोरल्या बहिणीला हातातलं खुरपं खाली ठेवून वाजवायला लावायचे. ताई वाजवायची. तिला वाटायचं, मोठा झाला की खोड जाईल पोराची. पोरगा मोठा झाला, वकील झाला, पोट सुटलं, डोक्यावरचे केस गेले. खोड तेवढी राहिली.

आता तर टाळ्यांना विषयही झकास मिळाला होता. बायकांच्या जमिनीच्या हक्काचा नवा कायदा आला, आणि तो लिहिणाऱ्या समितीत वकीलसाहेब होते. बापाच्या जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा, हे जुन्या कायद्यातही होतं हो! पण व्हायचं काय, की बाप गेला की भाऊ बहिणीला गाडीत घालून कचेरीत न्यायचे, चहा पाजायचे, 'इथं सही कर गं' म्हणायचे, आणि बहीण हक्क सोडून संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी हजर. आपण नेमकं काय सोडलं ते तिला कधी दिसायचंच नाही.

वकीलसाहेबांनी समितीत टेबलावर मूठ आपटली. म्हणाले, हे बंद झालं पाहिजे. बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर आधी तिचा वाटा जागेवर मोजा, चुन्याने आखा, कोपऱ्यांवर दगड रोवा. हाच तो वाटा, अशी भावांनी आधी सही करावी. मग तिला रेषेच्या आत उभी करा, घरच्या झाडून सगळ्यांना रेषेबाहेर काढा, आणि अधिकाऱ्याने तिला एकटीला विचारावं, ठेवतेस का सोडतेस? सोडला तर सोडला. ठेवला तर आखलेला तुकडा तिचा, मागाहून अदलाबदल नाही. समितीने हे जसंच्या तसं घेतलं, आणि टाळ्या इतक्या झाल्या की चहावाला दारातून डोकावून गेला.

कायदा लागू झाला आणि पहिला अर्ज पडला तो वकिलीणबाईंचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, तिच्या माहेरच्या भावांवर. साहेबांनी स्वतः बसून लिहून दिला. मेव्हणे धावत आले. "दाजी, आपल्याच माणसांत कसला हो कायदा?" साहेब चष्मा पुसत म्हणाले, "कायद्यापुढे आपलं-परकं नसतं." वकिलीणबाईंना वाटा मिळाला आणि साहेबांना आणखी दोन सत्कार.

राहता राहिली साहेबांच्या स्वतःच्या वडिलांची जमीन. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, जमीन अजून त्यांच्याच नावावर होती आणि तिच्यावर ताई राबत होती. रोपवाटिका होती ती. रस्त्याला लागून फाटक, फाटकाआत हौद, हिरव्या जाळीखाली पिशव्यांतली रोपं, मधोमध लिंबाचं जुनं झाड, त्याच्या पलीकडे ताईची पत्र्याची खोली. तिथून मागे नुसता खडक आणि फुटक्या कुंड्यांचा ढीग. फाटकावर वडिलांच्या काळची पाटी होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'आणि सन्स'. सन्सपैकी एक वकील, दुसऱ्याचं टायरचं दुकान. दोघांनी मिळून आयुष्यात एक रोप लावलेलं नव्हतं.

ताईचं लग्न राहून गेलं. आधी भावांची शिक्षणं, मग आईचं दुखणं, मग वडिलांचं. कोणी काही सांगितलं की ती 'बरं' म्हणायची. कॉलेज सोड म्हणाले, बरं. खोली भावाला अभ्यासाला दे, तू हौदाशेजारी झोप म्हणाले, बरं. तिने काही मागितलं, की पत्रा गळतोय रे, एक पत्रा टाकून द्या, की भाऊ म्हणायचे, 'बघू'. तो पत्रा ते गेली दहाबारा वर्षं बघत होते, आणि ताई खाटेखाली घमेलं ठेवत होती.

एके दिवशी दोघं भाऊ सकाळी सकाळीच उगवले. ताई पाटावर बसून गुलाबाची कलमं बांधत होती.

"ताई, इथं भवन बांधायचं म्हणतोय," वकीलसाहेब म्हणाले. बसायला त्यांनी रुमाल अंथरला, तोही ताईचाच.

"कसलं रे?"

"महिला हक्क भवन! गावोगावच्या बायका येतील, त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगायचे. दारावर आईचं नाव."

"आईच्या नावावर कधी खुरपंसुद्धा नव्हतं," ताई म्हणाली. "आणि माझी रोपं?"

"कुंड्यांत लावू की. दाराच्या दोन्ही बाजूंना. शोभा येईल."

"आणि मी?"

"तुला खोली ठेवलीय. पंपाच्या शेजारी. बायकांना पाणीबिणी लागलं तर तू आहेसच."

ताईने हातातल्या कलमाची पट्टी जरा जास्तच आवळली. "म्हणजे माझा वाटा सोडायचा."

"सोडायचा म्हणजे काय, बायकांच्या कामी द्यायचा!"

टायरवाल्या धाकट्याला गोड बोलणं जमत नसे. तो म्हणाला, "हे बघ ताई, तुला जमीन घेऊन करायचंय काय? तुझ्या मागे कोण आहे?"

हे वाक्य तिने याआधीही ऐकलं होतं. काकांकडून, शेजाऱ्यांकडून, एकदा तर दूध घालणाऱ्या बाईकडूनसुद्धा. पण पाठीवर घेऊन फिरवलेल्या पोराच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. मागे कोणी नाही, म्हणजे पुढे मीसुद्धा नाही की काय? हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं ते नेहमीचंच, "बरं." आणि तो शब्द निघाल्याबरोबर तिला राग आला, भावांपेक्षा स्वतःचाच.

"काही अवघड नाही गं," वकीलसाहेब उठता उठता म्हणाले. "रेषेत उभं राहायचं आणि 'सोडते' म्हणायचं. एवढंच."

पुढचा वाद ताईच्या देखत झाला. ती झारीने पाणी घालत होती, आणि बहीण पाणी घालत असली की तिला ऐकू येत नाही अशी दोघांची लहानपणापासूनची समजूत होती. वाद होता तिचा म्हणून कुठला तुकडा आखायचा यावर.

"मागचा खडक आखा," धाकटा म्हणाला. "कशाला जोखीम?"

"वेडा आहेस का? पेपरवाले येणार आहेत. महिला मंडळाच्या बायका येणार आहेत. मी फोटोत कुंड्यांचा उकिरडा दाखवू? उद्या लोक म्हणतील, कायदा लिहिणाऱ्याने बहिणीला खडक दिला."

"अरे दादा, पण पुढचा म्हणजे रस्त्याचा सगळा..."

"सगळाच! फाटकापासून पार त्या कुंपणापर्यंत, आणि मागे तिच्या खोलीपर्यंत. भावाने दर्शनी भाग देऊ केला, बहिणीने तो हसत हसत बायकांच्या कामी दिला. मथळा बघ कसा होतोय ते! ती सोडणारच आहे ना? मग दाखवताना हात आखडता कशाला घ्यायचा?"

"आणि नाही सोडला तर?"

वकीलसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ताई? नाही म्हणेल? तिने कधी कशाला नाही म्हटलंय?"

ताईने झारी हौदात बुडवली आणि पुन्हा भरली. ते खोटं बोलत नव्हते, हेच तिला जास्त लागलं.

ठरल्या दिवशी नुसती जत्रा लोटली. फाटकात मंडप, खुर्च्या, साहेबांच्या फोटोचा कापडी फलक. महिला मंडळाच्या बायका एकरंगी साड्या नेसून आलेल्या. वकिलीणबाई पहिल्या रांगेत. पेपरवाला आला, फोटोवाला आला, आणि शेवटी नोंदणी अधिकारी आल्या. सडसडीत, करड्या केसांच्या बाई, हसण्याचा खर्च नको अशा चेहऱ्याच्या. साहेबांनी पुढे केलेली मोठी खुर्ची त्यांनी बाजूला सारली आणि विचारलं, "मोजणीदार कुठे आहे?"

मोजणीदाराने तिपाईवर मशीन लावलं, इकडून तिकडून खाणाखुणा केल्या. त्याच्या माणसाने चुन्याची फक्की सोडत सोडत रेघ आखली, रस्त्याच्या कडेने फाटकापासून कुंपणापर्यंत, मग वळून लिंबाला आत घेऊन ताईच्या खोलीच्या पाठीमागून परत. तिसऱ्या हिश्श्याचं माप बरोबर बसलं. चार कोपऱ्यांवर दगड बसले. ताई पदराने हात पुसत बघत होती. हौद आत आला. हिरवी जाळी आत आली. लिंबाचं झाड आत आलं. गळका पत्रासुद्धा आत आला.

"भावांनी सह्या करा," अधिकारीबाई म्हणाल्या. "दाखवलेला वाटा मान्य आहे?"

"आनंदाने!" वकीलसाहेब फोटोवाल्याकडे तोंड करून म्हणाले. धाकट्याने सही केली खरी, पण औषध पिताना करतात तसं तोंड करून.

"आता ताई आत उभ्या राहतील. बाकीचे रेषेबाहेर."

सगळे बाहेर झाले. वकीलसाहेब तेवढे ताईच्या खांद्यावर हात ठेवून फोटोसाठी उभे राहिले.

"साहेब, तुम्हीसुद्धा."

"अहो, मी तर..."

"तुम्हीच लिहिलंय."

मंडपात खसखस पिकली. साहेब हसत हसत बाहेर झाले, पण एक बूट रेषेच्या आतच राहिला. अधिकारीबाई त्या बुटाकडे बघत उभ्या राहिल्या. हा बूट बाहेर जाईपर्यंत कायदा पुढे सरकणार नाही, हे सगळ्यांना कळलं. बूट बाहेर गेला.

आणि ताई एकटी उभी राहिली. आता काय सांगू तुम्हाला! तीच जमीन, तोच हौद, जन्म तिथं गेलेला. पण एवढ्या वर्षांत ती तिथं कधी नुसती उभी राहिली नव्हती. उभी राहिली की कोणीतरी म्हणायचं, ताई पाणी दे, ताई जरा सरक, ताई तिकडे हो. आज सगळं गाव चुन्याच्या पलीकडे होतं आणि सरक म्हणणारा एक जण आत नव्हता. तिने लिंबाला एक फेरी घातली. जाळीचा एक कोपरा सुटला होता तो बांधला. पेपरवाल्याने घड्याळ पाहिलं. ताईला कसलीच घाई नव्हती.

अधिकारीबाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कोणी जबरदस्ती केलीय का?"

"छे हो. जबरदस्ती करायची वेळच कधी आली नाही त्यांच्यावर."

"मग सोडताय?"

"सोडते म्हटलं तर हा चुना पुसायचा?"

"हो."

"आणि ठेवते म्हटलं तर?"

"तर ते दगड कोणी हलवायचे नाहीत."

"माझ्या भावानेसुद्धा?"

"कोणीच नाही."

ताईने वळून भावाकडे पाहिलं. वकीलसाहेब रेषेपाशी टाचा उंचावून उभे होते. हा माणूस तिच्यासाठी कधी थांबलेला तिने पाहिला नव्हता. ताट वाढायला उशीर झाला तर उठून जाणारा हा! आणि आता तो घाम पुसत, भुवया उडवत, ओठांनी आवाज न करता शिकवत होता, सो-ड-ते. लहान मुलाला घास भरवताना आपणही तोंड उघडतो ना, तसं. ताईला एकदम हसूच फुटलं. मोठ्याने, पोट धरून. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की 'बरं' हा शब्द तोंडात नाहीच आहे.

"ठेवते," ती म्हणाली.

"मोठ्याने सांगा. साक्षीदारांना ऐकू गेलं पाहिजे."

"ठेवते!"

महिला मंडळाच्या बायकांना काय ठरलंय ते कोणी सांगितलंच नव्हतं. बहीण मध्ये उभी आहे, तिला वाटा मिळालाय, ती ठेवते म्हणतेय, मग कार्यक्रम हाच! त्यांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की लिंबावरचे कावळे उडाले. वकिलीणबाईही भान हरपून वाजवत होत्या. आणि वकीलसाहेब? टाळ्या ऐकल्याबरोबर सवयीने त्यांचा हात वर गेला, चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि त्यांनी चहूबाजूंना हात हलवला. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला. काय झालं ते साहेबांना कळलं तेव्हा अधिकारीबाई शिक्का मारत होत्या.

मंडप उठल्यावर दोघं भाऊ रेषेपाशी आले. बाहेरच थांबले, हे ताईच्या लक्षात आलं.

"ताई, अगं सोडते म्हणायचं होतं!"

"हो रे. पण म्हणायलाच पाहिजे अशी सक्ती नाही, असं तूच लिहिलंयस ना?"

"ते बाकीच्या बहिणींसाठी होतं!" वकीलसाहेब बोलून गेले आणि घाईघाईने पेपरवाला गेलाय ना ते पाहिलं.

"मी ओरडत होतो, मागचा खडक आखा!" धाकटा भावावर डाफरला, मग ताईवर. "आणि तू काय करणार आहेस गं याचं? तुझ्या मागे..."

"आहात ना तुम्ही दोघं," ताई म्हणाली. "खडकावर." आणि ती झारी भरायला गेली. रडू येत होतं, पण ते तिने हौदाकडे तोंड करून आवरलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो झळकला. हात हलवणारे साहेब, मागे हसणारी बहीण, आणि मथळा, 'आधी केले, मग सांगितले!' मग काय, सत्कारांची रांग लागली. आदर्श भाऊ म्हणून शाल, आदर्श भाऊ म्हणून ढाल. आता ह्यात तक्रार कुठे करणार? आपल्या बहिणीने आपली जमीन घेतली हो, असं सांगायचं कुणाला, शाल देणाऱ्याला? साहेब मूग गिळून शाली पांघरत होते. प्रत्येक ठिकाणी शेवटी एखादी बाई उठून विचारायची, "साहेब, तुमच्यासारखा दर्शनी भाग आम्हालाही मागता येईल का?" आणि साहेबांना टाळ्यांच्या गजरात 'हो' म्हणावं लागायचं. मेव्हण्यांनी मुद्दाम सांगावा धाडला, 'दाजी, अभिनंदन. कायद्यापुढे आपलं-परकं नसतं.'

तरी साहेबांनी हिंमत सोडली नाही. मागचा खडक होताच की दोघांचा. भवन तिथं बांधू! धाकट्याने विटांचा ट्रक मागवला. ट्रक फाटकाशी आला आणि थांबला, कारण फाटक ताईचं. रस्त्याची सगळी बाजूच ताईची. फोटोत भरगच्च दिसावा म्हणून साहेबांनी तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत आखवला होता, आणि मागे जायला गाडीला वाट ठेवायची राहूनच गेली होती. कुंपणाच्या कडेने पायवाट होती, ती ताईने कधी अडवली नाही. पण भवन काही टोपल्यांनी वाहून होत नाही. ट्रकवाल्याने तासभर शिव्या घातल्या आणि विटा घेऊन तो परत गेला.

दुपारी वकीलसाहेब स्वतः आले. फाटकावरच्या पाटीवरची 'आणि सन्स' ही अक्षरं पांढऱ्या रंगाखाली गेली होती. खोलीवर नवा पत्रा चकाकत होता. साहेबांनी दोन्हीकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि फाटकाची कडी वाजवली. जन्मात पहिल्यांदा वाजवली असेल.

"ताई, आत येऊ का?"

"ये की. तुला कोण नाही म्हणतंय?" ताई पाटावर बसून कलमं बांधत होती. "चहा ठेवू?"

"चहा राहू दे. ताई, तेवढी गाडीवाट सोड ना. हौदाच्या बाजूने. एक गाडी जाईल एवढीच."

ताईने हातातलं कलम पूर्ण बांधलं, खाली ठेवलं, आणि ती खोलीत जाऊन फक्कीचा डबा घेऊन आली. उरलेली फक्की मोजणीदार तिथंच टाकून गेला होता. हौदाच्या बाजूने तिने वाकून सावकाश एक रेघ ओढली, मग दुसरी, आणि दोन रेघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"अगं, हे काय?"

"तुझाच कायदा. सोडायचं ते आधी आखायचं. तू बाहेर हो."

वकीलसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. ते मुकाट्याने रेघेबाहेर झाले, आणि या वेळी बूटही आपण होऊन मागे घेतला.

"आता विचार."

"ताई," साहेब चष्मा पुसत म्हणाले, "वाट ठेवतेस का सोडतेस?"

ताईने हौदाकडे पाहिलं, नव्या पत्र्याकडे पाहिलं, मग भावाच्या टकलावर पडलेल्या उन्हाकडे पाहिलं. तिला त्याची कीव आली, आणि मजाही वाटली.

"बघू," ती म्हणाली, आणि पुढचं कलम बांधायला बसली.